लहान मुलांना घेऊन समुद्रकाठच्या रस्त्यानं: बेत, गाडी आणि पाण्याजवळची काळजी

समुद्रकाठचा रस्ता नकाशावर दिसतो तेवढा छोटा कधीच नसतो. खाडी आली की तो आत लांब वळसा घालतो, डोंगराचा सुळका पाण्यात घुसला असेल तर चढून उतरतो, आणि वळणापलीकडचं दिसत नसल्यानं वेग आपोआप कमी होतो. अशा रस्त्यावर ताशी ३० ते ३५ किलोमीटरची सरासरी मिळाली तरी पुष्कळ. मागच्या सीटवर सहा वर्षांच्या आतली मुलं असतील तर ॲपनं दाखवलेल्या वेळेची दीडपट धरा. त्यातलं एखादं अजून लंगोटात असेल, तर पावणेदोनपट.

म्हणून या प्रवासाचा बेत किलोमीटरवरून आखू नका. दोन वेळापत्रकं आधी कागदावर मांडा: भरती-ओहोटीचं आणि मुलांच्या झोपेचं. ही दोन्ही तुमच्या सोयीनं हलत नाहीत. मुक्काम, जेवण, बघायच्या जागा हे सगळं त्यांच्याभोवती बसवता येतं.

ओहोटीची वेळ काढा, मग तारीख ठरवा

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते. दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, त्यामुळे आजची ओहोटी उद्या सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. काही किनाऱ्यांवर दिवसाकाठी एकच भरती असते, म्हणून अंदाजावर न जाता जवळच्या बंदराचं भरतीपत्रक घ्या आणि त्यातल्या वेळा तिथल्या घड्याळाच्याच आहेत ना, हे बघून घ्या.

लहान मुलांना वाळूत सोडायला ओहोटीच्या आधीचे दोन तास सगळ्यांत चांगले. पाणी मागे सरकत असतं, ओली टणक वाळू मोकळी होते, खडकांतली डबकी उघडी पडतात, आणि पाणी पाठीमागून येऊन सामान भिजवत नाही. ओहोटी झाल्यावर आणखी अर्धा-पाऊण तास थांबायला हरकत नाही. खडकांवर गेला असाल तर त्याच वेळी परतीला लागा.

भरती एकसारख्या गतीनं चढत नाही. सहा तासांत जेवढं पाणी चढतं त्याचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग चढतो. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी येतं. भरती-ओहोटीत चार मीटरचा फरक असेल तर या दोन तासांत पाणी दोन मीटर वर येतं. ‘आत्ता तर पाणी लांब होतं’ असं म्हणणारे लोक याच दोन तासांत खडकावर अडकतात. हा हिशोब ढोबळ आहे, खाडीच्या तोंडाशी तो बराच चुकतो. तरी कधी निघायचं हे ठरवायला पुरतो. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस उधाण असतं: पाणी फार आत जातं आणि तेवढंच फार वर येतं. अष्टमीच्या सुमाराला भांग असते, फरक कमी, म्हणून मुलांसाठी निवांत. डबकी बघायची असतील तर उधाण बरं, नुसतं वाळूत खेळायचं असेल तर भांग.

आता तारीख. पहिल्या दिवशी ओहोटी सकाळी आठच्या सुमाराला असेल, तर पुढच्या दिवशी ती साधारण ८.५० ला, मग ९.४० ला, मग १०.३० ला येते. चार सकाळी हाताशी लागतात, आणि त्यांनंतरची ओहोटी दुपारच्या उन्हात आणि झोपेच्या वेळेत घुसते. सुट्टी पुढे-मागे करता येत असेल तर या चार सकाळी पकडून निघा. येत नसेल तर उलटं करा: सकाळी गाडी चालवा, दुपारी मुलांना झोपवा आणि संध्याकाळी जिथे भरतीतही कोरडी वाळू उरते अशा रुंद किनाऱ्यावर किंवा दीपगृहाकडे जा.

नमुन्यादाखल, ओहोटी ९.४० ची असेल त्या दिवशी: ७ ला उठणं, ८ ला वाळूवर, १०.१५ ला पाय धुणं, १०.४५ ला जेवण, ११.३० ला गाडी सुरू. दोन वर्षांचं मूल पंधरा-वीस मिनिटांत झोपतं आणि तुम्हाला सलग सव्वा तास रस्ता मिळतो. दमवून, धुवून, खाऊ घालून गाडीत बसवणं हा या प्रवासातला सगळ्यांत उपयोगी क्रम आहे. यातली एक पायरी गाळली तरी पुढचा तास रडारडीत जातो.

रस्त्याची बाजू आणि दिशा

ज्या देशात गाड्या डाव्या बाजूनं चालतात तिथे समुद्र आपल्या डाव्या हाताला राहील अशा दिशेनं जा. म्हणजे पश्चिमेला समुद्र असेल तर दक्षिणेकडून उत्तरेकडे, पूर्वेला असेल तर उत्तरेकडून दक्षिणेकडे. उजव्या बाजूनं वाहतूक असेल तिथे नेमकं उलट. फायदा दृश्यापेक्षा सुरक्षेचा आहे: थांबायच्या सगळ्या जागा आपल्याच बाजूला येतात, समोरची वाहतूक कापून वळावं लागत नाही, आणि मुलांचा हात धरून रस्ता ओलांडायची वेळ येत नाही. कड्यालगत गाडी चालवताना ज्याचे हात घट्ट होतात त्यानं मात्र उलट दिशा घ्यावी. चालकाची धास्ती ही सुद्धा सुरक्षेचीच बाब आहे.

ऊनही याच हिशोबात घ्या. पश्चिमेच्या समुद्राकाठी दुपारनंतर सगळं ऊन समुद्राकडच्या खिडकीतून आत येतं. सर्वांत लहान मुलाची सीट जमिनीकडच्या बाजूला लावा आणि संध्याकाळी पाचनंतर समुद्राकडे तोंड करून चालवायचा टप्पा ठेवू नका. खाऱ्या वाऱ्यानं काचेवर बारीक थर बसतो, त्यावर मावळतीचं ऊन पडलं की समोरचं काही दिसत नाही. काच बाहेरून जशी पुसता तशी आतूनही रोज पुसा, आणि वायपरची पाण्याची टाकी निघताना भरलेली असू द्या. कोरड्या काचेवर वायपर फिरवला तर वाळूचे कण तिच्यावर ओरखडे काढतात.

एका दिवसात चाकावर जास्तीत जास्त साडेतीन तास. एका मुक्कामी निदान दोन रात्री. रोज सामान उचलून पुढे जायचा बेत मोठ्यांनाही पेलत नाही.

थांबे

दीड तासाला एक थांबा धरा. तान्हं बाळ असेल तर दोन तासांहून जास्त वेळ सलग कार सीटमध्ये ठेवू नका. अर्धवट बसलेल्या स्थितीत बाळाची मान पुढे पडते आणि श्वासाला अडथळा येऊ शकतो, म्हणून थांब्यावर त्याला बाहेर काढून सपाट झोपवा. त्याच कारणानं मुक्कामी पोचल्यावर झोपलेलं बाळ सीटमध्येच राहू देऊ नका.

पाच मिनिटांचा थांबा हा थांबाच नाही. मुलांचे पट्टे सोडून परत बसवण्यातच दहा मिनिटं जातात. किमान पंचवीस मिनिटं द्या, आणि जागा अशी निवडा जिथे पळता येईल. इथे बहुतेकांचा बेत गंडतो, कारण नकाशावर खुणा केलेल्या असतात त्या कड्यावरच्या दृश्यबिंदूंच्या. तासभर बांधून बसलेल्या मुलाला कड्याच्या टोकावर उतरवणं ही सगळ्यांत वाईट जागा. आधी गावातलं मैदान, बाग, शाळेसमोरची मोकळी जागा शोधा, तिथे दमू द्या, मग पुढच्या दृश्यबिंदूवर दहा मिनिटं थांबा.

कड्यावर गाडी थांबली की आधी एका मोठ्यानं उतरायचं, मग जमिनीकडच्या दारानं एकेक मूल, आणि पहिल्याचा हात कोणाच्या तरी हातात गेल्याशिवाय दुसऱ्याचा पट्टा सोडायचा नाही. मागच्या दारांची चाइल्ड लॉक निघण्यापूर्वीच लावलेली असू द्या. कठडा नसेल तर कडेपासून पाच मीटर मागे राहा. लाटांनी खालून पोखरलेली कड वरून भक्कमच दिसते. खाली खडकांवर उतरलात, तर ओला काळपट खडक म्हणजे तिथपर्यंत लाट नुकतीच आली होती. तो पट्टा मुलांसाठी बंद.

कार सीट

निघायच्या दिवशी सकाळी नवी सीट बसवू नका. आठवडाभर आधी बसवा, मुलाला त्यात दोन-चार फेऱ्या मारून आणा. गाडीचा पट्टा किंवा आयसोफिक्सचा दांडा (सीट थेट गाडीतल्या कड्यांना अडकवणारा) जिथून जातो तिथे धरून सीट हलवून बघा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलली तर ती नीट बसलेली नाही. मुलाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता आला तर तो सैल आहे. मागे तोंड असलेल्या सीटमध्ये पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा जरा खालून यावेत, पुढे तोंड असलेल्या सीटमध्ये खांद्याच्या रेषेत किंवा जरा वरून.

संयुक्त राष्ट्रांच्या आर-१२९ या नियमानुसार १५ महिन्यांपर्यंत मूल मागे तोंड करूनच बसवायचं असतं. तिथे घाई करू नका. सीटच्या उंची-वजनाच्या मर्यादेत बसतं तोवर तसंच राहू द्या, कारण लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं आणि पुढून धक्का बसला की सगळा भार मानेवर येतो. मागे तोंड असलेली सीट चालू एअरबॅगसमोर कधीही लावायची नाही.

या प्रवासातल्या चुका जरा वेगळ्या. पोहून आलेल्या मुलाला जाड टॉवेलमध्ये गुंडाळून वरून पट्टा लावला जातो. टॉवेल दबतो, पट्टा सैल पडतो. मुलाला पुसून सुके कपडे घाला, पट्टा लावा आणि टॉवेल वरून पांघरा. दुसरं म्हणजे बकलमध्ये गेलेली वाळू. मग ते ‘टक’ असा आवाज करत नाही किंवा अर्धवट अडकतं. मुलाला बसवण्यापूर्वी सीटवर एक सुती कापड टाका आणि उतरल्यावर ते झटका. वाळू गेलीच तर तेल किंवा वंगण घालू नका. सीटच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बकल धुऊन वाळवा.

गाडी लागणं

दोन ते बारा वर्षांच्या मुलांना गाडी सर्वांत जास्त लागते. दोन वर्षांखाली फार क्वचित. कान सांगतो की आपण डोलतोय, डोळे समोरच्या स्थिर सीटकडे किंवा मोबाइलकडे बघत असतात, आणि मेंदूला या दोन बातम्या जुळवता येत नाहीत. म्हणून उपायही डोळ्यांपासून सुरू होतो. वळणाच्या टप्प्यात पुस्तक, चित्रं, पडदा बंद. पुढे तोंड करून बसणाऱ्या मुलाला समोरच्या काचेतून रस्ता दिसेल असं बसवा. मधली जागा सीटला चालत असेल तर उत्तम. गाणी आणि ऐकायच्या गोष्टी चालतात.

अर्धं काम चालकाचं असतं. वेग वळणाआधी कमी करा, वळणात ब्रेक दाबू नका आणि बाहेर पडताना हळूच वाढवा. गाडी लागते ती वळणांपेक्षा वळणातल्या हिसक्यांनी जास्त.

पोट रिकामं नको आणि गच्चही नको. वळणं सुरू होण्याआधी तासभर कोरडं, कमी तेलाचं थोडं खाणं द्या आणि पाण्याचे लहान घोट. तीन-चार वर्षांचं मूल ‘मळमळतंय’ असं सांगत नाही. ते जांभया देतं, तोंडात लाळ जमते, ओठांभोवती पांढुरकं होतं आणि बडबड एकदम थांबते. गप्प झालं म्हणजे झोपायला आलं असं समजून पुढे रेटू नका, खिडकी उघडा आणि पहिल्या सुरक्षित जागी थांबा. औषध द्यायचं असेल तर ते डॉक्टरांनी वजनावरून ठरवलेलंच. बहुतेक औषधं निघण्याआधी अर्धा ते एक तास द्यावी लागतात, उलटी सुरू झाल्यावर उपयोग नाही. काहींनी गुंगी येते आणि काही मुलं उलट जास्तच चळवळी होतात, म्हणून पहिला डोस घरी असताना देऊन बघावा का, हे डॉक्टरांना विचारून ठेवा. दोन वर्षांखाली स्वतःहून काहीही देऊ नका.

पायाशी एक रुंद तोंडाचा झाकणाचा डबा ठेवा. पिशवी वेळेवर उघडत नाही, डबा उघडतो. उलटी झालीच तर आधी खरवडून काढा, मग थंड पाण्याच्या फडक्यानं टिपा (गरम पाण्यानं वास आणि डाग बसतो), वर खाण्याचा सोडा पसरून सुकू द्या आणि झटका. कार सीटचे पट्टे मात्र फक्त ओल्या फडक्यानं पुसा. भिजवल्यानं किंवा तीव्र साबणानं त्यांचे धागे कमजोर होतात.

सामान

आधी काय लागणार आहे ते सगळ्यांत शेवटी भरा. वाळूचं सामान डिकीच्या तोंडाशी, मुक्कामाच्या बॅगा आत. जड वस्तू तळाशी आणि सीटच्या पाठीला टेकवून. मागच्या काचेखालच्या फळीवर काहीच नको. जोराचा ब्रेक लागला की तिथली पाण्याची बाटली थेट पुढे येते.

कपडे एका मोठ्या बॅगेत न भरता एका मुलाचा एक संच एका झिपच्या पिशवीत, असे रोजचे दोन संच. शिवाय एक पिशवी पुढच्या सीटजवळ, आणि तिच्यात मोठ्यांसाठीही एकेक शर्ट. उलटी फक्त मुलाच्याच अंगावर होत नाही.

पिण्याच्या पाण्याव्यतिरिक्त दहा लिटरचा एक कॅन फक्त धुण्यासाठी. तो पुरावा म्हणून क्रम असा: पायांवर वाळू ओली असेल तर सुकू द्या, सुकी वाळू हातानं झाडा, बोटांच्या मध्ये अडकलेली मक्याच्या पिठाच्या पावडरनं सोडवा (टाल्क नको, ते लहान मुलांच्या फुप्फुसात जाऊ शकतं), आणि शेवटी गाडीच्या दाराशी बसवून पाणी. असं केलं तर दोन मुलांचे हातपाय तीन-चार लिटरात होतात. ओल्या पायांवर थेट पाणी ओतत राहिलात तर कॅन संपतो आणि वाळू गाडीत येते ती येतेच.

पोहण्याचे कपडे गडद नारिंगी किंवा झगझगीत पिवळे-हिरवे घ्या. निळे, पांढरे, राखाडी कपडे पाण्यात दिसेनासे होतात.

पाण्याजवळ

पाणी त्या मुलाच्या गुडघ्याच्या वर नको, आणि मोठं माणूस हाताच्या अंतरावर. काठावर बसून ‘बघतोय’ म्हणणं यात मोडत नाही. बुडणारं मूल ओरडत नाही. तोंड पाण्याखाली जात असताना श्वासालाच वेळ नसतो, हाक मारायला कुठून मिळणार? मोठी माणसं चार असतील तर धोका वाढतो, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. वीस-वीस मिनिटांच्या पाळ्या लावा. ज्याची पाळी त्याच्या हातात फोन नाही, आणि पाळी संपताना ‘आता तू बघ’ असं तोंडानं सांगून समोरच्याचा होकार घ्यायचा.

रिप करंट ओळखायला शिका. लाटा एका रांगेत फुटत असतात आणि मध्येच एक पट्टा गडद, शांत दिसतो. तिथे लाट फुटत नाही, फेस आणि कचरा समुद्राकडे सरकत असतो. मोठ्यांना नेमकी तीच जागा मुलांसाठी बरी वाटते. किनाऱ्यावर आलेलं पाणी परत जायची ती वाट असते आणि तिचा वेग सेकंदाला दोन मीटरपर्यंत जाऊ शकतो. पट्टीचा पोहणाराही त्याच्या विरुद्ध जाऊ शकत नाही. सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, तरंगत राहा, हात वर करून मदत मागा, ओढ कमी झाली की किनाऱ्याला समांतर बाजूला सरका. ओहोटीच्या सुमाराला ही ओढ बऱ्याच किनाऱ्यांवर वाढते. म्हणजे वाळूत खेळायची जी उत्तम वेळ, तीच पाण्यात शिरायला वाईट असू शकते. खाडीच्या तोंडाशी तर ओहोटीत मुलांना पाण्यात सोडूच नका, सगळं पाणी बाहेर धावत असतं.

जीवरक्षक असलेला किनारा निवडा. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधला भाग राखणीतला. लाल झेंडा म्हणजे पाण्यात उतरायचं नाही. फुगवायची बदकं आणि गाद्या समुद्रात नकोत. जमिनीकडून वारा असेल तर पाणी सपाट आणि मऊ दिसतं आणि फुगा मिनिटाभरात लांब जातो.

वाळूतला खड्डा हा धोका बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कड सुकली की ती आवाज न करता आत ढासळते, आणि गाडलं गेलेलं मूल काढायला हात पुरत नाहीत, कारण बाजूची वाळू परत आत येत राहते. सगळ्यांत लहान मुलाच्या गुडघ्याएवढ्या खोलीवर खणणं थांबवा, आडवा बोगदा कधीच नको, आणि निघताना खड्डा बुजवा.

रोज सकाळी मुलांचा त्या दिवशीच्या कपड्यांत एक फोटो काढा आणि मनगटावर बॉलपेननं आपला फोन नंबर लिहा. मूल दिसेनासं झालं तर पहिली धाव पाण्याकडे.

ऊन

सकाळी साडेदहापासून चारपर्यंत वाळूवर नको. सहा महिन्यांखालच्या बाळाला क्रीमपेक्षा सावली आणि पूर्ण बाह्यांचे सुती कपडे. मोठ्या मुलांना एसपीएफ ३० किंवा जास्त, बाहेर पडण्याआधी १५–२० मिनिटं, दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर परत. तीन-चार वर्षांच्या मुलाला दोन-तीन चहाचे चमचे भरून लागतं. लोक याच्या चतुर्थांश लावतात आणि मग क्रीमला दोष देतात. कानांचे शेंडे, मानेची मागची बाजू आणि पायाचा वरचा भाग हमखास राहतो. कोरडी वाळू तापलीय का, ते तळहाताची उलटी बाजू पाच सेकंद टेकवून बघा.

बंद गाडीत मूल एक मिनिटही सोडायचं नाही. उन्हातली गाडी दहा मिनिटांतच दहा-अकरा अंशांनी तापते, काच बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही, आणि मुलाचं अंग मोठ्या माणसापेक्षा तीन ते पाचपट वेगानं तापतं. परतताना आधी चारी दारं उघडा आणि सीटच्या धातूच्या बकलला हात लावून बघा.

पोट आणि डंख

जुलाब-उलट्यांसाठी ओआरएसची पाकिटं बरोबर हवीत. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात अख्खं पाकीट एकदम घाला. चवीसाठी पाणी कमी केलं तर मीठ जास्त होऊन त्रास वाढतो. दोन वर्षांखाली प्रत्येक पातळ शौचानंतर ५०–१०० मिलिलिटर, मोठ्यांना १००–२००. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि चमच्या-चमच्यानं परत सुरू करा. लघवी सहा-आठ तास झाली नाही, रडताना पाणी येत नाही किंवा मूल मलूल झालं, तर थेट दवाखाना.

जेलीफिश लागली तर चोळू नका, वाळू घासू नका, गोडं पाणी ओतू नका. चिकटलेल्या विषाच्या पेशी त्यानं आणखी फुटतात. समुद्राच्या पाण्यानं धुवा, धागे चिमट्यानं उचला. पाकटाचा किंवा काटेरी माशाचा काटा लागला, तर पाय सोसवेल तेवढ्या, साधारण ४५ अंशांच्या गरम पाण्यात किमान अर्धा तास बुडवून ठेवा, पाणी आधी मोठ्यानं स्वतःच्या कोपरानं तपासून. काटा खोल असेल तर ओढू नका. श्वासाला त्रास, चेहऱ्यावर सूज, गुंगी यांतलं काही दिसलं तर ताबडतोब रुग्णालय. मुक्कामी पोचल्यावर पहिल्यांदा जवळचं रुग्णालय आणि तिथे पोचायला लागणारा वेळ बघून ठेवा. समुद्रकाठी दहा किलोमीटर म्हणजे अर्धा तासही असू शकतो.

फेरीबोट

रस्ता खाडीशी संपतो तिथे फेरीबोट घेतली तर वळसा वाचतो. सुट्टीच्या दिवशी तासभर आधी रांगेत लागा. उथळ धक्क्यावर मोठ्या ओहोटीत बोट लागत नाही, म्हणून पुन्हा भरतीपत्रक बघा. बोटीवर इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये. लहान उघड्या बोटीवर मुलांना पट्ट्यात बांधून गाडीत बसवून ठेवू नका; उतरवा आणि त्यांच्या मापाची लाइफ जॅकेट घाला. खांद्याला धरून उचलल्यावर जॅकेट कानांपर्यंत सरकत असेल तर ते मोठं आहे. मोठ्या बोटीत गाड्यांच्या मजल्यावर प्रवासात थांबू देत नाहीत, तेव्हा पाणी, खाऊ, लंगोट आणि गरम कपडा एका पिशवीत आधीच काढा.

वाळू, मीठ आणि गाडी

साधी गाडी वाळूवर उतरवू नका. गेलीच आणि चाक फिरायला लागलं तर ॲक्सिलरेटर सोडा. चाक जितकं फिरेल तितकं खाली जाईल. सगळ्यांना उतरवा, चाकांपुढची वाळू उपसा, टायरमधली हवा १५–१८ पीएसआयपर्यंत कमी करा, ज्या चाकांना इंजिनाची ताकद मिळते त्यांच्यापुढे पायपुसणी सारा आणि कमी वेगानं, न थांबता बाहेर या. रस्त्यावर लागण्याआधी हवा परत भरा. कमी हवेवर वेग घेतला तर टायर तापून फुटतो. गाडी उभी करताना शेवाळ-शिंपल्यांची ओळ जिथे पडलीय तिच्या वरच ठेवा. गेल्या भरतीचं पाणी तिथवर आलं होतं.

परत आल्यावर दोन दिवसांच्या आत गाडी गोड्या पाण्यानं धुवा, खालची बाजू आणि चाकांच्या कमानी आधी. मीठ ओल धरून ठेवतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. सकाळी ब्रेकच्या तबकड्यांवर तांबूस थर दिसला तर घाबरू नका, पहिल्या दोन-चार ब्रेकमध्ये तो निघतो. कार सीट बाहेर काढा, खालची वाळू आधी व्हॅक्यूमनं ओढून घ्या आणि मगच फडकं लावा. कव्हर सावलीत पूर्ण वाळल्यावरच परत चढवा, आणि सीट गाडीत बसवल्यावर ती हलवून बघायची तपासणी पुन्हा एकदा करा.